पेंढी, पाचुंदा, शेकडा

चपला बांधावर काढून ठेवा. घड्याळही ठेवा, इथे त्याला कोणी विचारत नाही. शुक्राची चांदणी वर आली की कामाला लागायचं, आणि ती केव्हाच वर आली आहे. साल 1955 च्या आगेमागे. माघ सरत आलाय. कर्जत तालुक्यात, सीना नदीपासून कोस-दीड कोसावरच्या काळ्या रानात तुम्ही उभे आहात आणि गारठ्याने कानाच्या पाळ्या बधिर झाल्या आहेत. समोर अंधारात काहीतरी सळसळतंय. हात पुढे करा. ओली पानं, जाड ताट, आणि मान वर केलीत तर तुमच्या डोक्यावर हातभर उंच दाण्यांनी भरलेलं कणीस.

"पाव्हणं, बघत काय राह्यलात? पात धरा."

पात म्हणजे तुमच्या वाट्याला आलेली तासं. डावीकडे एक बाई आहे, उजवीकडे एक पोरगा, आणि दोघंही तुमच्या चार पावलं पुढे गेलेत. विळा शोधू नका, विळा नाही. इथली शाळू ज्वारी कापत नाहीत, उपटतात. वाका. दोन-तीन ताटं बुडाशी एकत्र धरा, किंचित पीळ द्या आणि ओढा. नाही आलं? पाठीने ओढताय म्हणून. गुडघ्यात वाका आणि अंगाचा भार मागे टाका. आता मुळांसकट आलं, मातीचं ढेकूळही आलं. ते पायावर आपटून झाडा आणि ताटं खाली आडवी ठेवा, सगळे शेंडे एका बाजूला. पुढची तीन ताटं. पुढची तीन.

सूर्य बोटभर वर येईतो तळहात पेटले असतील. पानांच्या कडा करवती असतात, मनगटावर बारीक लाल रेघा उठल्या आहेत, घामाचं मीठ त्यांत उतरतंय. नाकात ओल्या मातीचा आणि हिरवट-गोड ताटांचा मिसळलेला वास आहे. मधूनच पायाखालून एक लावा भुर्रकन उडतो आणि छातीत धस्स होतं. जमीन भेगाळलेली आहे, एखाद्या भेगेत तुमचा अख्खा पंजा जाईल. हस्ताच्या पावसाच्या ओलीवर पेरलेलं हे पीक, नंतर चार महिने याच ओलीवर आणि दवावर वाढलं. वरून पाणी कोणी दिलेलं नाही.

पण उपटायचं कशासाठी? नुसती कणसं खुडून नेली असती तर पाठ वाचली असती. हा प्रश्न मोठ्याने विचारा, म्हणजे उजवीकडचा पोरगा तुमच्याकडे थांबून बघेल. दहा वर्षांचा असेल. "मग बैल काय खातील?" तो म्हणतो आणि पुन्हा वाकतो.

इंचभरही वैरण रानात सोडायची नाही, हे त्याला चालायला यायच्या आधीपासून कळतं. बुडखा, ताट, पान, शेंडा, सगळं गव्हाणीत जाणार. कणसातला दाणा माणसांचा आणि खालची सहा-सात फूट उंची जनावरांची. शाळूला अन्नधान्याचं पीक म्हणतात ते अर्धंच खरं आहे. या रानात ते आधी चाऱ्याचं पीक आहे. एखाद्या साली दाणा कमी भरला तर उसनवारी करून, बाजरी खाऊन माणूस वर्ष काढतो. कडबा कमी पडला तर बैल जातो, आणि बैल गेला की पुढच्या वर्षीची पेरणी जाते.

न्याहारी आली. बांधावर बसा. भाकरी तळहातावरच घ्यायची, वर लाल मिरचीचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. समोरचे म्हातारबा मात्र अजून भाकरीला शिवलेले नाहीत. त्यांनी एक ताट घेतलंय, दाताने सोलून त्याचा तुकडा चघळतायत, डोळे मिटून. ताटात गोडी किती उतरली हे ते बघतायत. गोडी असेल तर जनावर बुडख्यापर्यंत खातं, नसेल तर पानं ओरबाडून बाकीचं तुडवतं. "मालदांडी हाय," ते समाधानाने सांगतात. "जनावर गव्हाणीत काय ठिवत न्हाई." मोहोळच्या संशोधन केंद्रावर 1930 च्या दशकात गावरान मालदांडीतून निवडलेलं ते वाण पुढे 35-1 या नंबराने सगळ्या दख्खनभर गेलं. म्हातारबांना नंबर ठाऊक नाही. त्यांची जीभ पुरेशी आहे.

इथे एक गोष्ट जपा. विहिरीच्या कडेला, जिथे महिन्याभरापूर्वी थोडी ज्वारी हिरवी वैरण म्हणून कापली होती, तिथे बुडख्यांतून कोवळे फुटवे आलेत. वीतभर, लुसलुशीत, पोपटी. शेजारीच दाव्याला एक वासरू बांधलंय आणि तुमच्याकडे मान लांब करून बघतंय. तुमचा हात आपोआप त्या फुटव्यांकडे जातो...

"हां! हात काढा!"

मघाचीच बाई, पण आवाज असा की सगळं रान थांबलं. "किराळ लागंल. दुपारपातूर वासरू ऱ्हायचं न्हाई." पावसाचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार करणारं द्रव्य असतं. पोटात गेलं की जनावर धापा टाकतं, लटपटतं, खाली बसतं आणि पुष्कळदा उठत नाही. तेच ताट पक्व होऊन उन्हात वाळलं की बिनघोर घाला. इथल्या प्रत्येक गुराख्याला हे पाठ असतं. त्या बाईने भांडं भरून पाणी तुमच्यापुढे ठेवलंय, म्हणजे राग गेला. प्या.

आता आठ दिवस पुढे सरका. उपटलेली ज्वारी रानात ओळीने वाळली आहे. बायका रांगेने बसून कणसं मोडतायत. कट्, कट्, कट्, शंभर बोटांचा एकच आवाज, मध्ये भलरीचा एखादा सूर, मध्ये कोणाच्या तरी सुनेवरून हशा. त्यांची मजुरी कणसांतच मिळते. संध्याकाळी ज्याचं-त्याचं टोपलं भरलं की मालक वरून दोन ओंजळी जास्त टाकतो. नाही टाकल्या तर उद्या बायका दुसऱ्याच्या रानात असतील.

पेंढ्या मात्र आत्ता बांधायच्या नाहीत. दुपारच्या उन्हात पानं कुरकुरीत झालेली असतात, हात लावला की चुरा होऊन गळतात, आणि पान गळालं म्हणजे चाऱ्यातला जीवच गळाला. म्हणून पेंढी बांधायची ती भल्या पहाटे, दवाने पान मऊ पडलेलं असताना. झोप झाली नाही? कोणाचीच झालेली नाही. दोन हिरवट ताटांना पीळ देऊन बंद करा, कवेत मावेल एवढा कडबा त्यावर घ्या, गुडघा रोवून दाबा, बंद आवळा, टोक आत खोचा. ही तुमची पेंढी. उचला बघू? सुटली. पुन्हा बांधा. शेजारचा गडी तोवर पाच बांधून मोकळा झालाय. पाच पेंढ्यांचा पाचुंदा, आणि विकायचा झाला तर भाव शेकड्यावर. पेंढी केवढी यावरून बाजारात भांडणं होतात, कारण कवेचं माप ज्याच्या-त्याच्या छातीवर असतं.

खळ्यावर फार रेंगाळायचं नाही, तिथली धूळ तुम्हाला सोसणार नाही. तरी एकदा बघून घ्या. शेणाने सारवलेलं गोल अंगण, मधोमध तिवडा, त्याला जुंपलेले बैल कणसं तुडवत गोल फिरतायत, तोंडाला मुसकी. तिसऱ्या प्रहरी वारा सुटला की वावडीवर चढलेला माणूस पाटी उंच धरून धान्य खाली सोडतो. दाणा सरळ पडतो, भुसकट वाऱ्यावर तिरपं जाऊन तुमच्या डोळ्यांत, कानांत, सदऱ्याच्या आत. अंगभर खाज सुटेल. खाजवू नका, वाढते. ते भुसकटही झाडून भरून ठेवायचंय.

आणि आता गंज. यासाठी तुम्हाला इतक्या लांब आणलं.

गावाबाहेरच्या खळवाडीत दगडांचा थर टाकलाय, वाळवी चढू नये म्हणून. त्यावर बाभळीच्या फांद्या. मग पेंढ्या: बुडखे बाहेर, शेंडे आत, एकीला एक घट्ट भिडलेली. गंज रचणारा माणूस गावात एखाद-दुसराच असतो आणि आज तो वर उभा आहे. तुम्ही गाडीवर उभे राहून पेंढ्या फेकायच्या. एक, दोन, तीन, आणि दंड भरून येतात. तो झेलतो, ठेवतो, पायाने दाबतो, पुढची. तोंडातून एक शब्द नाही. गंज वाढत जाते तसा तो आकाशाकडे सरकतो. शेवटी दोन्ही अंगांना उतार काढून वर बाजरीच्या सरमाडाचा जाड थर, त्यावर दोरांना बांधलेले धोंडे. पाऊस आला तर पाणी उतारावरून ओघळलं पाहिजे. एक जागा जरी खोलगट राहिली तर तिथून पाणी आत मुरतं, कडबा काळा पडतो, बुरशी धरतो आणि जनावर हुंगून तोंड फिरवतं. नीट रचलेल्या गंजीतला कडबा पुढच्या वर्षी काढलात तरी आतून पिवळा निघतो.

जवळ जाऊन नाक लावा. उन्हाने तापलेला सुका गोड वास, थोडा काकवीकडे झुकणारा. खिशात बिडी असेल तर दूर, ओढ्यापलीकडे जा. गंजीजवळ काडी ओढणारा माणूस गावात पुन्हा उभा राहू शकत नाही. सोयरीक करायला आलेले पाहुणे घरात शिरण्याआधी खळवाडीवरून चक्कर मारून येतात; गंजी किती आणि रचल्यात कशा, यावर मुलगी द्यायची की नाही ते निम्मं ठरतं.

म्हातारबा गंजीच्या सावलीला बसून बोटांवर हिशेब करतायत. दोन बैल, एक गाय, एक कालवड. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. मृग वेळेवर आला तरी गवत तोंडात धरण्याजोगं व्हायला आषाढ उजाडतो. म्हणजे साडेतीन-चार महिने सगळी भिस्त या गंजीवर.

इथे एक लांब उडी मारू, क्षणभरच. डोळे मिटून उघडा. पाऊस भुरभुरतोय, पायाखाली चिखल, हाडं गोठवणारा वारा. हा इंग्लंडमधला नॉरफक परगणा, अठरावं शतक. समोरच्या शेतात सलगमची पानं, आणि लाकडी जाळ्यांच्या कुंपणात कोंडलेल्या मेंढ्या ते कंद जमिनीतच कुरतडतायत. कुजक्या पाल्याचा आणि ओल्या लोकरीचा उग्र वास येतोय. इथल्या शेतकऱ्याचा काळ हिवाळ्यात येतो. गवत संपतं, आणि चारा नाही म्हणून पूर्वी शरदातच कितीतरी जनावरं मारून खारवून ठेवावी लागत. मग त्यांनी गहू, सलगम, बार्ली, क्लोव्हर असा चार वर्षांचा फेर बसवला. लॉर्ड टाउनशेंड या सरदाराने सलगमचा एवढा ध्यास घेतला की लोक त्याला सलगम टाउनशेंडच म्हणू लागले. मेंढ्यांच्या लेंड्यांनी जमीन सुधारली, पुढच्या वर्षी गहू जोमाने आला. चाऱ्यासाठी वेगळं रान राखायची चैन त्यांना परवडली, कारण वर्षभर पाऊस होता. आपल्याकडे एकाच ताटाने दोन्ही पोटं भरायची होती. लेंड्यांचं गणित मात्र दोन्हीकडे एकच. चला परत, बघा, ज्वारी निघालेल्या रानात धनगराने मेंढरं बसवली आहेत आणि रानाचा मालक त्याला त्याबद्दल धान्य मोजून देतोय.

परत आलात तेव्हा वैशाख लागलाय. माघातला गारवा आठवूनही खरा वाटत नाही. झळा जमिनीतून वर येतायत, दूरचं बाभळीचं झाड त्यांत हलतंय. गोठ्यात मात्र अंधार आणि थोडा थंडावा. गोमूत्र, शेण आणि कडबा यांचा एकत्र वास. कारभाऱ्याने पेंढी सोडली, कुऱ्हाडीने तिचे तुकडे केले आणि गव्हाणीत टाकले. आता गप्प बसा आणि ऐका. करकर, करकर, मध्ये घुंगरांचा एक ठोका, मध्ये नाकातून सोडलेला श्वास. बैलांच्या तोंडून बाहेर पडलेलं चघळ सकाळी काढून गाईपुढे टाकतात, तिच्याकडून उरलेलं उकिरड्यात किंवा चुलीत. रात्री भिजवून शिजवलेला हुलगा बैलांना ओंजळभर मिळतो, गाईला नाही. तिला वाईट वाटलं असेल तर वाटो, कुळव बैलांना ओढायचाय. मृगाच्या आधी रान तयार व्हायला हवं, म्हणजे वर्षातलं सगळ्यांत जड काम नेमकं वैरण सगळ्यांत कमी असताना. या एका पेचात इथल्या शेतीची सगळी अक्कल खर्ची पडली.

विहिरीला पाणी टिकणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या मोटेखाली लसूणघासाचे चार वाफे असतात, एकदा पेरला की वर्षानुवर्षं कापा आणि पुन्हा फुटतो. भर उन्हात तो हिरवा तुकडा बघून तुमच्याही तोंडाला पाणी सुटेल. बाकीचे लोक काष्टीच्या बैलबाजारात जातात. तिथल्या गर्दीत घुसा: धूळ, शेण, हिंग लावलेल्या भज्यांचा कढ, उपरण्याखाली बोटं दाबून चाललेले सौदे. एक खिल्लारी जोडी आहे, शिंगांना नवा रंग. बरगड्या मोजता येतायत. घ्यायला आलेला माणूस दात बघतो, चाल बघतो आणि मग विकणाऱ्याचा चेहरा बघतो. गंज संपलेला माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो आणि भाव तिथेच पडतो.

आणखी पुढे चला. 1972. हे वर्ष टाळता येणार नाही.

खळवाडी रिकामी आहे. जिथे गंजी असायच्या तिथे दगडांचे थर तेवढे उघडे पडलेत. हस्त कोरडा गेला, पेरलंच नाही, मग उपटणार काय? माणसं खडी फोडायला आणि नालाबांधावर गेली आहेत, त्यांना सुकडी मिळते, परदेशातून आलेली लाल मिलो मिळते. जनावरांना कोण देणार? छपरावर चढा, तो माणूस काय करतोय त्याला हात लावा. तो छपरावरचं जुनं, धुराने काळं झालेलं गवत उपसून खाली टाकतोय, खाली गाय उभी आहे. तुमच्या हाताला काजळी लागेल. ओढ्याकाठी कोणी निवडुंगाची फडी जाळावर धरून काटे भाजतंय. जळक्या काट्यांचा वास घशात बसतो. लिंब, पिंपळ, हिवर ओरबाडून खराटे झालेत. ज्यांना जमलं ते उत्तरेकडे निघालेत, प्रवरेच्या आणि गोदावरीच्या कालव्यांच्या पट्ट्यात, जिथे साखर कारखाने आहेत आणि उसाचं वाढं मिळतं. एका जिल्ह्याच्या एका टोकाला गाय छप्पर खातेय आणि दुसऱ्या टोकाला ऊस उभा आहे. हे अंतर गाडीवाटेने कापताना रस्त्याकडेला काय काय दिसतं ते मी लिहीत नाही. तुम्ही पाहिलंत, पुरे.

याच सुमारास संकरित ज्वारी आली होती. पहिली, सीएसएच-1, 1964 ची. बुटकी, दाण्याला भारी. खरिपात तिने आणि तिच्या पुढच्या वाणांनी पाय रोवले, पण इथल्या रब्बीच्या रानात तुम्ही ते बियाणं घेऊन म्हातारबांकडे गेलात तर ते कमरेशी हात नेऊन विचारतील, "एवढीच व्हती व्हय?" आणि पिशवी परत देतील. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी फक्त दाणा तोलला होता. म्हातारबा दाणा आणि कडबा दोन्ही तोलत होते. राहुरीला साठच्या दशकाच्या अखेरीस महात्मा फुले कृषी विद्यापीठ उभं राहिलं आणि पुढे तिथल्या पैदासकारांनी कोरडवाहू रब्बीसाठी वाणं काढली, तेव्हा दाण्याच्या आकड्याशेजारी कडब्याचा आकडाही छापला जाऊ लागला. फुले वसुधाची शिफारस वाचा, दोन्ही आकडे आहेत. म्हातारबांच्या हिशेबाला पोचपावती मिळाली ती अशी, आणि मला तिचं फार मोल वाटतं.

शेवटची उडी जवळचीच. 2019 चा मे महिना. हिरव्या जाळीचे मांडव, मैलभर. जिल्ह्यात अशा शेकडो चारा छावण्या पडल्या आहेत. खिल्लार कमी, काळ्या-पांढऱ्या संकरित गाई जास्त. आता बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे आणि घरखर्च दूध डेअरीच्या पगारावर चालतो. कडब्याची जागा कुट्टी आणि मुरघास घेतायत. उन्हाळ्याची झळ मात्र जुनीच आहे. टँकरभोवती झुंबड, शेणाचे ढीग, कर्ण्यावरून ओरडून घेतलेली नावं, आणि सगळीकडे उसाचा आंबूस-गोड वास, कारण ट्रकमधून येतो तो ऊसच. तुमच्या हातात कोयता दिलाय. कांड्यांचे बारीक तुकडे करा, मोठा तुकडा गाईच्या तोंडाला लागतो. रोज ऊस खाऊन त्यांची तोंडं आलेली आहेत, म्हणून ती पाटोद्याकडून आलेली आजी दोन पेंढ्या कडबा मिळेल का म्हणून सकाळपासून विचारत फिरतेय.

तुकडे झाले की काट्यावर चढवा. मोठ्या जनावराला दिवसाचं ठरलेलं पूर्ण वजन, लहानाला निम्मं, असं वहीत लिहिलंय. आजींची पाळी आली. वहीवाला पोरगा लिहितो, मोठं एक, लहान एक.

"लहान कुठंय रे?" आजी काट्याला हात लावून उभ्या राहतात. "कालवड गाभण हाय माजी. तिला मोठ्यात लिही, मग म्होरं सरकते."